कोपऱ्यातला बाण

नीलिमाताईंना आवरायची भारी खोड. कप टेबलावर टेकला रे टेकला की उचलून धुऊन ठेवतात, मग त्यात चहा शिल्लक का असेना. बाई पुण्याची. नवरा इथे सॉफ्टवेअरमध्ये, म्हणून बंगळूरला आल्या आणि चामराजपेटेत अण्णांच्या डीटीपीच्या दुकानात माझ्या शेजारची खुर्ची धरून बसल्या. मी निपाणीकडची. मला पसारा चालतो, काम डोळ्यांसमोर दिसलं पाहिजे.

अण्णा म्हणजे आमचे मालक पद्माकर अण्णा. त्यांनी दोन जुनी मशीन विकून एकच नवं घेतलं, विंडोज पंच्याण्णववालं. सकाळी त्यावर मी, दुपारनंतर ताई. आणि अण्णांनी तोंडावर सांगून टाकलं, "दसरा झाला की एकीलाच ठेवायला जमतंय बघा. जिचं काम आधी छापायला जाईल, ती राहील." माझ्याकडे उदबत्तीच्या पुड्यांची लेबलं होती, ताईंकडे साड्यांचा कॅटलॉग. माझ्या पगारावर आईचं आणि माझं घर चालायचं. मी जीव तोडून काम करत होते आणि ताईंशी जमेल तेवढं गोड बोलत होते.

जुन्या मशीनवर आयकॉन म्हणजे नुसतं चित्र असायचं. ते पुसलं तरी फाईल आत शाबूत. नव्यात समोरच्या पडद्यावर, म्हणजे डेस्कटॉपवरच, खरी फाईल ठेवता यायची, आणि ती पुसली की गेली. मशीन बसवायला आलेल्या इंजिनिअरने मला दाखवलं होतं, "आयकॉनच्या कोपऱ्यात छोटा वाकडा बाण असला तर ते नुसतं चित्र. बाण नसला तर तीच फाईल." मी मान हलवली, आणि पुढे फाईल कधी अशी, कधी तशी, हाताला येईल तशी ठेवत गेले. ताई त्या दिवशी रजेवर होत्या.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आयुधपूजेच्या सकाळी, दुकान धुऊन झालं होतं. मशीनला झेंडूची माळ, डब्याला कुंकवाची बोटं. अण्णांना पूजेपुरता पडदा चालूच हवा असतो, म्हणून तो चालू होता. मी चुरमुऱ्यांची पिशवी घेऊन आत आले आणि पाहिलं तर पडदा लख्ख मोकळा. माझ्या आयकॉनांची अख्खी गर्दी गायब.

"बघ, किती छान दिसतंय!" ताई म्हणाल्या. "काल जाताना सगळं आवरलं. आणि ती रिसायकल बिन पण रिकामी केली हं. कचरा भरलेला ठेवून पूजा कशी करायची?"

"ताई, माझी लेबलं?"

"अगं, आयकॉन म्हणजे चित्र नुसतं. फाईल आत असते."

तेवढ्यात अण्णांनी आरती घेतली, उंबऱ्यावर कोहळा फोडला आणि मशीन बंद केलं.

"अण्णा, स्वल्प एक मिनिट चालू करू का?" मी म्हटलं.

"आज आयुधाला हात लावायचा नाही, शिवलीला. उद्या पूजा उतरल्यावर."

खरं कारण सांगितलं असतं तर तिथेच माझा निकाल लागला असता. मी चुरमुरे वाटायला घेतले.

तो दिवस कसा काढला ते माझं मला माहीत. आईने केलेली पुरणपोळी पानात तशीच राहिली. डोळे मिटले की उदबत्तीचा आयकॉन दिसायचा, पण कोपरा दिसायचा नाही. बाण होता? पहिल्या दिवशी मी इंजिनिअरसमोर केलं होतं, तेव्हा होता. पण नंतर रंग बदलून नवीन ठेवली, ती कुठे ठेवली? कधी बाण लख्ख दिसायचा, कधी वाटायचं मीच मनाने काढून ठेवलाय. आणि मग दुसरा किडा वळवळायला लागला. एवढी हुशार बाई, नवरा सॉफ्टवेअरमधला, तिला खरंच माहीत नव्हतं? की माझी नोकरी पूजेच्या नावाखाली झाडून टाकली? संध्याकाळपर्यंत माझी खात्रीच पटली. उद्या काय काय बोलायचं ते मी भाकऱ्या थापता थापता पाठ करत होते.

दसऱ्याला अण्णांनी पूजा उतरवली आणि शेजारच्या दुकानांत बन्नीची, म्हणजे शमीची, पानं वाटायला गेले. मी ताईंच्या आधी खुर्ची ओढली. मशीन सुरू व्हायला भारी वेळ लागला. सी ड्राइव्ह उघडला. आत फोल्डर. फोल्डरात लेबलं. सगळी, नव्या रंगाचीसुद्धा. मी खुर्चीतच हमसाहमशी रडले.

डोळे पुसून मी पाठ केलेलं बोलायला वळले. ताईंनी माउस हातात घेतला होता. त्या फोल्डर उघडत होत्या, बंद करत होत्या, पुन्हा तेच उघडत होत्या.

"कॅटलॉग दिसत नाहीये गं."

"डेस्कटॉपवर होता?"

"हो. माझं आधी काढलं मी. मग तुझं." त्यांचा आवाज बसला होता. "जुन्या मशीनवर कायम तसंच करायचे. काही व्हायचं नाही."

खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा मला आनंद झाला. नोकरी माझी. मग त्यांचं तोंड पाहिलं. डाव रचणारी बाई स्वतःचं काम आधी पुसत नाही. कालपासून मी जिला मनातल्या मनात फाडून खात होते, ती माझ्याशेजारी उभी राहून रिकामी बिन पुन्हा पुन्हा उघडून बघत होती.

"हे काम सुटलं तर दिवसभर त्या फ्लॅटमध्ये मी करू काय?" त्या माझ्याशी नाही, पडद्याशी बोलल्या.

जिन्यावर चपला वाजल्या. अण्णा दारातूनच म्हणाले, "हं, सांगा. कुणाचं तयार?"

ताईंनी खाली बघितलं.

"दोघींचंही नाही, अण्णा," मी म्हटलं. "मशीनचा घोळ झालाय. चार दिवस द्या."

"दोघींचंही नाही?"

"नाही."

अण्णा कपाळाला आठ्या घालून आत गेले. ताई माझ्याकडे बघतच राहिल्या. मी लेबलांची फाईल बंद केली आणि नवीन पान उघडलं.

"सांगा ताई," मी म्हटलं. "पहिल्या पानावर कुठली साडी होती?"