झोपमोड

इस्पितळाच्या तळमजल्यावर चादरी-अभ्र्यांची एक खोली होती. तिच्या कारभाऱ्याला सगळे ‘मांजर’ म्हणत, कारण तो चालताना आवाजच होत नसे. नर्सबाई मागे वळल्या की दचकायच्या, आणि दचकवल्याबद्दल तो माफी मागायचा, तीही कुणाला ऐकू जाणार नाही अशी.

हे वळण घरातलं. वडील कापड गिरणीत कायमचे रातपाळीला. दिवसा ते झोपत आणि सगळं घर त्यांच्या झोपेभोवती चवड्यांवर चालत असे. ताटांच्या मध्ये फडकी, बिजागऱ्यांना तेल आणि पोरांच्या तोंडांवर आईच्या डोळ्यांचा पहारा. लहानपणी एकदा त्याच्या हातून पातेल्यावरचं झाकण निसटलं. वडील जागे झाले. रागावले नाहीत, पण पुन्हा डोळाही लागला नाही, आणि त्याच रात्री यंत्रात त्यांची दोन बोटं गेली. घरात कुणी त्याला बोल लावला नाही. आईने फक्त झाकणं वापरणं बंद केलं.

त्याची लेक त्याच्याच वळणावर गेली होती. शाळेतल्या बाईंनी कळवलं होतं की मुलगी हुशार असावी असा आमचा अंदाज आहे, खात्री करण्याइतका तिचा आवाज अजून ऐकलेला नाही. म्हणून त्यांनी तिला नाटकात एकच वाक्य दिलं. पूर येतोय, असं गावाला ओरडून सांगायचं. यावर त्याने लेकीला शब्द दिला होता, “मी शेवटच्या रांगेत बसतो. तू फक्त माझ्यापर्यंत पोचव.” तो हे इतक्या निर्धाराने बोलला की स्वयंपाकघरातून बायकोने विचारलं, “काही म्हणालात का?”

नाटकाच्या दिवशी निघण्यापूर्वी तो शेवटची थप्पी लावायला खोलीत शिरला. वॉचमनने पाहिलं, दार उघडं, आत चाहूल नाही. माणूस कर्तव्यदक्ष. त्याने दार ओढून कुलूप घातलं आणि मग स्टुलावर बसून भिंतीला डोकं टेकलं. आत मांजराने ‘अहो’ म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात बाहेर घोरणं सुरू झालं आणि विषय संपला.

फोन वर, डब्याच्या पिशवीत. त्याने स्वतःला समजावलं की बाहेर झोपलेत ते वडील नव्हेत, वॉचमन आहे, आणि त्याला पगार जागं राहण्याचा मिळतो. युक्तिवाद बिनतोड होता. मग तो शिष्टाचारात बसेल इतपत खोकला. बोटाने दार वाजवलं, पण बोटाला आधी अभ्रा गुंडाळून. तो का गुंडाळला, हे त्यालाही सांगता आलं नसतं. शेवटी मूठ उगारली. ती दारापाशी जाऊन थांबली. मध्येच घोरण्यात खंड पडला तेव्हा तर त्याने श्वासच रोखला, बिचाऱ्याची झोप मोडली की काय म्हणून. झरोक्यातलं ऊन एका थप्पीवरून दुसरीवर सरकलं. एव्हाना पडदा उघडला असेल. तिने शेवटच्या रांगेकडे पाहिलं असेल.

ऊन झरोक्यातून निघून गेल्यावर बायकोचा आवाज आला; नाटक आटोपून लेकीसह ती त्याला शोधत आली होती. ती भर बाजारपेठेत, दुकानाच्या माडीवर वाढलेली. तिची कुजबुजसुद्धा पलीकडच्या फुटपाथला कळायची. वॉचमन धडपडून उठला आणि शपथेवर सांगू लागला की साहेब केव्हाच गेले, खोली आपण स्वतः बघून बंद केली, आत चिटपाखरू नाही. “मी आत आहे,” मांजर म्हणालं. आपल्या आवाजात. बायकोच्या आवाजापुढे त्याचा काय पाड लागणार? लेकीला स्टुलावर बसवून ती वर चौकशीला निघाली, आणि आपला खरेपणा सिद्ध करायला वॉचमनही मागोमाग गेला.

दाराखालच्या फटीत दोन छोटे बूट दिसले.

“बाबा?”

ती हाक ऐकायला त्याचेच कान हवेत.

“म्हटलंस वाक्य?”

“तुम्ही नव्हता.”

“मग?”

“मग पूर तसाच आला.”

तो जमिनीवर बसला. फटीशी तोंड नेऊन म्हणाला, “किल्ली वॉचमनकाकांकडे आहे. आईला हाक मार.”

“वर पेशंट झोपलेत ना.”

त्यात खोट काढायला जागा नव्हती. शिकवण त्याचीच होती.

“मग दाराला लाथ मार. जोरात.”

“आवाज होईल, बाबा.”

“होऊ दे.”

बूट मागे सरकले. आणि मग पत्र्याचं दार असं दणाणलं की कडेची थप्पी ढासळून त्याच्या अंगावर आली. जिन्यावरची पावलं थबकली. “कसला आवाज हो?” बायको विचारत होती. आणखी एक लाथ बसली की काम झालं. बूट पुन्हा मागे सरकले.

“शू,” तो म्हणाला. तोंडातून निघालंच.

लेक शहाण्यासारखी थांबली. वरची पावलंही क्षणभर थांबून राहिली, आणि मग पुढचा जिना चढू लागली.