चुकीच्या टॉमसच्या उशाशी

एलिस प्रिचर्डला मनातल्या मनात कितीदा बजावलं, बाबा, मी टेकायची भिंत नव्हे. पण हा गृहस्थ दर रविवारी येतो, माझ्या पाठीला पाठ लावून बसतो आणि सुस्कारे टाकतो. चॅपलला, आमच्या प्रार्थनाघराला, कुलूप लागलं, तरणी माणसं पश्चिमेकडच्या नव्या खाणींवर निघून गेली, रविवारी याला जायला दुसरी जागा उरली नाही, हे मला कळतं. पण ज्या दगडापुढे मान खाली घालून उभं राहायचं, त्यालाच खुशाल टेकून बसायचं म्हणजे कमाल झाली.

मित्रांनो, मी एक जुनी काळी लादी आहे. सेबॅस्टोपोल या सोन्याच्या खाणींच्या गावाबाहेर, टेकडीवरच्या दफनभूमीत, वेल्सहून आलेल्या लोकांच्या रांगेत मी उभी आहे. माझ्या छातीवर टॉमस जोन्सचं नाव कोरलेलं आहे. मला अक्षर येत नाही, पण कोरणाऱ्याने मोठ्याने वाचून दाखवलं होतं. माझ्याखाली झोपला आहे तोही टॉमस जोन्सच. फक्त तो माझा टॉमस नव्हे.

माझा जन्म वेल्समधल्या डोंगरात झाला. शाळेतल्या पाट्या ज्या दगडाच्या होतात, त्याच दगडाची मी. पण पाटी होणं माझ्या नशिबात नव्हतं. माझी मालकीण लोरी, तिच्या आजीने मला खाणीवरून उचलून आणलं, कडा घासून गुळगुळीत केल्या आणि चुलीवर चढवलं. तेव्हापासून मी भाजायचा तवा झाले. ओटच्या पातळ भाकऱ्या, बेदाणे घातलेले चपटे गोड केक, सगळं माझ्या अंगावर भाजलं गेलं. लोखंडी तवा करपवतो. मी कधी करपवलं नाही. हे मी माझ्या तोंडाने सांगते, कारण आपणहून सांगेल असं दुसरं कोणी आता उरलेलं नाही.

लोरी लग्न करून टॉमसबरोबर जहाजावर चढली, तेव्हा सासूने विचारलं, "दगड कशाला नेतेस गं? तिकडे दगड नाहीत का?"

लोरी म्हणाली, "तिकडे सोनं आहे म्हणतात. ते भाजून खाता येत नाही."

चार महिने मी तिच्या लोकरी परकरात गुंडाळलेली होते. एलिसही त्याच जहाजावर होता. किडकिडीत पोरगा, समुद्र लागून सारखा ओकायचा. निघण्यापूर्वी माझ्यावर भाजून घेतलेली ओटची भाकरी तेवढी त्याच्या पोटात टिकायची.

इथे आलो तेव्हा तंबू, चिखल आणि माश्या. पहिल्याच उन्हाळ्यात लोरीची दोन मुलं जुलाबाने गेली. दफनभूमी आखलेली नव्हती. एका झाडाखाली पुरली, पुढच्या वर्षी खाणवाल्यांनी ते झाड तोडलं आणि तिथली सगळी जमीनच उकरली. आपली मुलं कुठे आहेत हे लोरीला पुन्हा कधी सांगता आलं नाही. माझ्या गोष्टीतलं हे एवढं लक्षात ठेवा.

तरी ती वर्षं माझ्या मानाची होती. शनिवारी एकटे राहणारे खाणकामगार दारात रांग लावायचे. आमच्या लोकांकडे आडनावं मूठभर. रस्त्यात कोणी "जोन्स" म्हणून हाक मारली तर अर्धा रस्ता वळून बघायचा. म्हणून जो तो टोपणनावाने ओळखला जाई. खाणीतलं पाणी उपसणारा लोरीचा नवरा तो पंपवाला टॉमस. पंपाच्या दांड्यात सापडून त्याचा डावा पाय गुडघ्यापासून गेला होता, तिथे टोकाला लोखंडी टोपी बसवलेला लाकडी पाय होता. आणि तांबड्या दाढीचा, उधार मागण्यात पटाईत, तो लाल टॉमस. तोही जोन्सच.

"लोरी, अजून एक केक दे ना," लाल टॉमस म्हणायचा, "माझंही नाव टॉमस जोन्सच आहे, नवऱ्याच्या वाट्यातला समज."

"नवऱ्याच्या वाट्याला माझी बोलणीही येतात," लोरी म्हणायची. "ती आधी घे, मग केक मिळेल."

तिला तो माणूस मुळीच आवडत नसे.

पुढे घरात बिडाची शेगडी आली आणि मला पाण्याच्या पिंपावर झाकण म्हणून ठेवण्यात आलं. वर्षानुवर्षं चुलीवर बसलेलीला झाकण! बोलत नाही मी त्यावर.

मग तो तापाचा हिवाळा आला. एका आठवड्यात वेल्श रांगेत चार कबरी खणल्या गेल्या. मंगळवारी पंपवाला टॉमस गेला, गुरुवारी लाल टॉमस. आमच्यात पेटीमागून पुरुषच जातात, चार-चार जण आळीपाळीने खांदा देत, गात गात. बायका घरी थांबतात, पडदे ओढतात आणि चहाचं पाणी ठेवतात. लोरीही थांबली. नवऱ्याला कुठल्या खड्ड्यात उतरवलं ते तिने पाहिलं नाही. कबर मात्र तिने खोल खणायला सांगितली होती, पुढे त्याच्या पेटीवर आपली पेटी ठेवता यावी म्हणून. लाल टॉमसच्या घरूनही तेच सांगणं आलं होतं.

एलिस तोवर चॅपलचा कारभारी झाला होता. कुठली कबर कोणाची, हे त्याच्या वहीत असायचं. त्याचं अक्षर मोत्यासारखं होतं, पण देवाघरच्या वहीत टोपणनावं लिहिणं त्याला असभ्य वाटे. त्याने दोनदा लिहिलं, टॉमस जोन्स, टॉमस जोन्स. कबरींवर नुसत्या आकड्यांच्या खुंट्या होत्या.

दगड विकत घ्यायची लोरीची ऐपत नव्हती. ती म्हणाली, "माझ्या घरात दगड आहे." तिने मला पिंपावरून काढलं, घासलं, नाव कोरून घेतलं. वसंत आला तेव्हा एलिस वही उघडून तिला इथे घेऊन आला आणि म्हणाला, "हीच." दुसरी कबर त्याने लाल टॉमसच्या बायकोला, नेस्टाला दाखवली. माझ्यापासून दहा पावलांवर. नेस्टाने तिथे शिंपले मांडले.

पहिल्या उन्हाळ्यात माझ्या अंगातून जुनं लोणी पाझरलं. मुंग्यांची रांग लागली. लोरी हसली आणि मग शालीच्या टोकाने डोळे पुसत बसली. तेव्हापासून एकोणीस वर्षं दर शनिवारी ती बादली घेऊन यायची, मला धुवायची आणि खाली झोपलेल्याशी बोलायची. गुडघे किती दुखतात, छप्पर कुठे गळतं, चॅपलमध्ये इंग्रजी प्रार्थना कशी घुसली, सगळं सांगायची. शेवटी म्हणायची, "जागा धरून ठेव रे. आलेच मी."

विसाव्या वर्षी नेस्टा वारली. तिला नवऱ्याजवळ ठेवायचं म्हणून शिंपल्यांची कबर उघडली. खणणारा कीओ, आयरिश. भर दुपारी त्याचं फावडं कशाला तरी लागलं, आणि तो एलिसला हाका मारू लागला.

"मिस्टर प्रिचर्ड, इकडे या! लाल टॉमसला पाय किती होते?"

"दोन. काय विचारतोस?"

"मग हा बघा."

पेटीचं झाकण कुजून खचलं होतं. कीओच्या हातात लाकडाचा तुकडा होता, टोकाला गंजलेली लोखंडी टोपी. मी दहा पावलांवरून पाहिलं. एलिसनेही पाहिलं. त्याचा चेहरा चुन्यासारखा झाला.

तेवढ्यात फाटकाशी गाणं ऐकू आलं. नेस्टाची पेटी येत होती.

"आत ठेव तो," एलिस म्हणाला. "माती टाक वर."

"अहो, पण ही त्या दुसऱ्या बाईच्या नवऱ्याची..."

"टाक म्हणतो ना! एवढ्या लोकांसमोर चॅपलची शोभा करायची आहे का?"

कीओने माती टाकली. माझ्या टॉमसच्या छातीवर नेस्टा उतरली. त्या कबरीत दोनच माणसांची जागा होती.

कीओ दारू पितो, शिव्या देतो, पण त्या शनिवारी लोरी आली तेव्हा त्याने टोपी काढली. "मिसेस जोन्स, बादली खाली ठेवा," तो म्हणाला आणि त्याने सगळं सांगितलं.

लोरीने बादली उपडी केली आणि तिच्यावर बसली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "म्हणजे एकोणीस वर्षं मी माझे गुडघे त्या लाल्याला सांगत होते?"

कीओला हसू आवरेना, आणि मग रडूही. पेटी परत काढता येईल का, तिने विचारलं. त्याने मान हलवली. पुरलेलं माणूस उकरायला सरकारी हुकूम लागतो, आणि हुकूम मागायचा तर चॅपलने लिहून द्यायला हवं, चूक आमची म्हणून. एलिसने ते लिहिलं नाही. आज लिहितो, उद्या लिहितो म्हणाला.

लोरीच्या छातीत तेव्हाच कफ धरला होता. हिवाळा संपायच्या आत ती गेली. तिला पलीकडच्या उतारावर, ज्यांचं कोणी नाही त्यांच्यात ठेवलं. कीओने आणि त्याच्या भावाने खांदा दिला. आमच्यातलं कोणी गायला नव्हतं. तो उतार मला इथून दिसत नाही. मला धुवायला आता कोणी येत नाही, माझ्या अक्षरांत शेवाळ भरलं आहे, आणि खाली तो उधाऱ्या आरामात झोपला आहे.

मित्रांनो, तुमच्या माणसांना ज्या नावाने घरात हाक मारता, तेच नाव लिहून ठेवा. शोभो, न शोभो. आणि निरोप द्यायला स्वतः शेवटपर्यंत जा. घरात बसून चहाचं पाणी ठेवू नका. माझ्यासाठी आता काही करण्यासारखं उरलेलं नाही, म्हणून हे तुमच्यासाठी सांगते.

मरायच्या आधी एका रविवारी लोरी काठी टेकत इथवर आली होती. एलिस इथेच बसलेला होता. तो गडबडीने उठला.

"लोरी, मी विचार केला," तो हळू आवाजात म्हणाला. "तुला इथेच ठेवू. खाली एकाची जागा आहे, दगड तुझाच आहे, नावही तेच कोरलेलं आहे. कोणाला काही कळणार नाही."

लोरीने त्याच्याकडे पाहिलं. तो पोरगा असताना जहाजावर पाहायची तसं, वरपासून खालपर्यंत.

"वही चुकली, ते मी पोटात घातलं असतं एलिस," ती म्हणाली. "तेव्हा तुला ठाऊक नव्हतं. पण कीओने माझ्या माणसाचा पाय तुझ्यापुढे धरला, तेव्हा ठाऊक झालं होतं. फाटकातल्या माणसांची तुला लाज वाटली, माझी नाही वाटली. माझी मुलं या मातीत हरवली, आता नवरा हरवला, आणि तू मला परक्या माणसाशेजारी निजवायला निघालास, कोणाला कळणार नाही म्हणून. या गावातल्या प्रत्येक वेल्श मढ्याला तू खांदा दिलास, त्याचा तुला मोठा अभिमान आहे. मला तुझा खांदा नको."