आत्यासमोरचं स्टूल

“दात आत!” आत्या कॅमेऱ्यामागून ओरडली. “बोटीवर हवं तेवढं हस. इथे तोंड मिट.”

मी मिटलं, म्हणजे मिटल्यासारखं केलं, आणि फोटो निघाला. समुद्रावर सहल, बोटीच्या पोटात थिएटर, आणि म्हणे बोटीच्या पासावरच्या फोटोत हसू नको!

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. आमच्याच घरी राहते आणि या स्टुडिओत काम करते. लग्नाबिग्नाचे फोटो मालक काढतात. परीक्षा, नोकरी, पासपोर्ट असले बोटभर चेहरे आत्याकडे. अर्ध्या गावाची ओळखपत्रं तिच्या हातची. ती स्वतः मात्र कुठेच गेलेली नाही. या वेळी येणार होती, उन्हाची टोपीसुद्धा घेतली होती. मग बाबांनी घरी येऊन सांगितलं, बोटीला पासपोर्टच लागतो, दुसरं काही चालत नाही. आमचे आहेत, आत्याचा नाही, आणि इतक्यात निघायचाही नाही. आत्या “बरं” म्हणाली.

ती म्हणाली “बरं”, मी नाही म्हणाले! वादविवादात पहिली आल्यापासून मला कुणाशीही बोलायची भीती वाटत नाही. स्टुलावर बसल्या बसल्या मी तिकीटवाल्या काकांना फोन लावला, तोही बाजूला उभ्या आई-बाबांसकट सगळ्यांना ऐकू जाईल असा.

“काका, आत्याला पासपोर्टऐवजी दुसरं काही चालेल का हो?”

“चालतंय की! बोट इथूनच सुटते, इथेच परत येते. जन्मदाखला आणि फोटोचं ओळखपत्र, बास. बाबांना तेव्हाच सांगितलं होतं मी.”

जिंकले! मी उडी मारून आत्याकडे वळले. काका बोलतच होते.

“तेच म्हणाले, बहिणीचं नाव काढा. आजोबा अंथरुणावर, घरी कुणीतरी हवं.”

आईने माझ्या हातातून फोन घेऊन बंद केला. तिला जराही नवल वाटलेलं दिसलं नाही. म्हणजे तीही सामील!

“बाबा, तुम्ही खोटं बोललात?”

“हळू बोल. आजोबा परक्याच्या हातून पाणीसुद्धा पीत नाहीत, माहितीये ना?”

“मग तुम्ही राहा की घरी!”

“अगं ए, पुरे,” आत्या म्हणाली. “बोटीवर जाणारी माणसं रोज येतात इथे. मला आधीच ठाऊक होतं.”

“मग बोलली का नाहीस?”

“त्यानं सांगावं म्हणून थांबले.”

मग आई पुटपुटली, “वन्सं, नाव अजूनही घालता येईल.”

“नको वहिनी. भर समुद्रात रुसले तर उतरायचं कुठे?”

मला हसू येणार होतं, पण आलं नाही. आत्याने मला स्टुलापासून बाजूला केलं.

“दादा, बस. तुझाच राहिलाय.”

बाबा बसले. आत्याने त्यांची दुमडलेली कॉलर सरळ केली, हनुवटी वर उचलली. ती कॅमेऱ्यामागे पोचेपर्यंत हनुवटी पुन्हा खाली.

“इकडे बघ, दादा.”

बाबांना बघता येईना. आत्याने पुन्हा सांगितलं नाही. बटणावर बोट ठेवून ती नुसती उभी राहिली. बाहेरच्या बाकावर गिऱ्हाइकं चुळबुळत होती, तरी तिने घाई केली नाही.