शैलाच्या फ्रॉकची सात फुलं

मित्रांनो, शिरूरच्या एका घरात, लोखंडी कपाटाच्या माथ्यावर, पितळी तांब्यात मी उभा आहे. मी एक जुना, कापडी फुलांचा गुच्छ. माझ्या रंगाला आता गुलाबी म्हणवत नाही. जन्माला मात्र मी फूल म्हणून आलो नव्हतो. मी होतो ऑर्गंडीचा फ्रॉक, दीड वर्षाच्या शैलाचा.

शैलाची आई ललिता कॉलेजात शिकलेली, पण भारी काळजीखोर. लेकरू शिंकलं तरी कपाळाला हात लावून बघायची. बाहत्तर साली तिलाच खोकल्यातून रक्त पडलं. डॉक्टर म्हणाले, क्षय आहे, मुलीला जवळ ठेवू नका. मग दौंडहून थोरली जाऊ वच्छलाबाई आली. तिला मूलबाळ नव्हतं. "सा म्हैन्याचा तर परश्न हाय," म्हणत तिनं शैलाला कडेवर घेतलं आणि एसटी गाठली. त्या घाईत दोरीवर वाळत असलेला मी तेवढा मागं राहिलो.

सहा महिन्यांचं वर्ष झालं, वर्षाची दोन झाली. ललिता मला उशाशी घेऊन निजायची. शेजारच्या सिंधूबाई बायकांना कापडी फुलं करायला शिकवत. त्यांनी एकदा ते पाहिलं.

"रडून भिजवण्यापरीस कामाला लाव त्याला," त्या म्हणाल्या. "तसाबी आता तिच्या अंगाला व्हायचा न्हाई." त्यांनी कात्री पुढं केली. ललितानं ती तीन दिवस उचलली नाही. चौथ्या दिवशी उचलली.

साबुदाण्याच्या खळीत बुडवून मला कडक वाळवलं. पाकळ्या कापल्या, तारेवर बांधल्या. सात फुलं झाली.

"फुलं कायम विषम घ्यायची," सिंधूबाई मांडता मांडता सांगत होत्या. "उंच दांडा तांब्याच्या दीडपट. उमललेलं मोठं फूल खाली, मधी. कळ्या वर, कडंला. सगळी मुंडकी एका रेषेत आली की पंगतीला बसल्यावानी दिसत्यात. आन् गच्च कोंबू नगं, जरा मोकळी जागा ऱ्हाऊ दे."

ललितानं सगळं ऐकलं. फक्त गळपट्टीच्या तुकड्याची धाकटी कळी तिनं मोठ्या फुलाला टेकवून खोवली.

"आगं, कळी कडंला."

"ही इथंच राहू द्या, बाई."

ते माझे मानाचे दिवस होते. दर रविवारी ललिता मऊ कुंचल्यानं माझी धूळ झटकायची. पाहुणे वास घ्यायला वाकायचे आणि खजील होऊन हसायचे.

पंचाहत्तरच्या दिवाळीआधी डॉक्टर म्हणाले, बरी झालीस. ललिताच्या नवऱ्यानं, बन्सीनं, दौंडला पत्र टाकलं. वच्छलाबाई शैलाला घेऊन आली. आता ती साडेचार वर्षांची होती. उंबऱ्यात उभी राहून घर बघत होती.

"काकूच्या पाया पड," वच्छलाबाई सवयीनं बोलून गेली, आणि तिनं जीभ चावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी जावा चुलीपाशी होत्या. शैलाची नजर माझ्यावर गेली. दौंडच्या अंगणातल्या फुलझाडांना ती रोज पाणी घालायची. ती स्टुलावर चढली आणि भरलेला गडू तिनं माझ्या डोक्यावर ओतला. मित्रांनो, मला पाणी सोसत नाही. खळ सुटली, पाकळ्या लोंबल्या, क्षणात माझ्या चिंध्या झाल्या. पोर घाबरून किंचाळली.

दोघी धावत आल्या. दोघींनीही हात पसरले. ललिता दोन पावलं पुढं होती. तिला ओलांडून शैला वच्छलाबाईच्या पदरात शिरली.

"आई, म्या न्हाई मारलं फुलांला. म्या पानी दिलं."

ललितानं पसरलेले हात हळूच मागं घेतले. ती शैलासमोर बसली. "मेली नाहीत गं ती," म्हणाली. "तहानली होती." तुझाच फ्रॉक आहे हा, असं तिला सांगता आलं असतं. तिनं सांगितलं नाही.

वच्छलाबाईनं पोरीच्या पाठीवर हात ठेवला. "ललिता, पोटची तुजी हाय. तू म्हन, हितंच ठिवून जाते."

पदर घट्ट धरलेल्या त्या इवल्या मुठीकडं ललिता बघत राहिली. "घाबरली की कुणाकडं धावते ते पाहिलं, अक्का. घेऊन जा तिला."

त्या दोघी निघताना ललितानं धाकट्या कळीची तार सोडवली आणि ती शैलाच्या हातात दिली.

उरलेली सहा फुलं तिनं पुन्हा खळीत घालून उभी केली. सिंधूबाईंनी ती बोटांवर मोजली. "सा झाली की गं. एक घाल, न्हाईतर एक काढ."

"राहू द्या."

त्याला आता चार वर्षं झाली. रविवारचा कुंचला थांबला. माझ्या तारा गंजल्या आहेत, धूळ चढली आहे. कधीतरी ललिता येते, मोठ्या फुलाशेजारच्या मोकळ्या जागेत बोट ठेवते आणि निघून जाते.

मित्रांनो, तुमच्या घरी असा गुच्छ असेल, तर मऊ कुंचल्यानं त्याची धूळ झटका. पाणी घालू नका. पण एखाद्या लेकरानं घातलंच, तर त्याला रागावू नका. आणि त्या गुच्छात कुठं रिकामी जागा दिसली, तर ती भरण्याआधी एकदा आईला विचारा.