जो हजर त्याचं पीठ

विहिरी खणणाऱ्या पाताळ्याबद्दल सांगतात, की एकदा तो इतका खोल गेला, की खालच्या मुलखातली म्हातारी वर बघून खेकसली, "कोण रे माझ्या छपरावर?" खरं-खोटं ती म्हातारी जाणे. पण त्या दुपारी तो चाळीस हात खाली पहार मारत होता, हे खरं. वर ऊन असं, की सावलीसुद्धा सावली शोधत होती. तेवढ्यात काठावरून लेक ओरडली, "तात्या, यादी लागली! मी प्रतीक्षेत तिसरी!"

शहरातलं ते कॉलेज म्हणजे सुईचं नाक. जागा चाळीस, अर्ज चार हजार. राहणं-जेवण फुकट देणारं तेवढंच एक. ते हुकलं, की पोरीच्या डोक्यावर मातीचं टोपलं.

पाताळ्या दोरावरून वर आला. "प्रतीक्षेत म्हणजे?"

"थांबायचं. वरचं कुणी गळालं, की आपला नंबर."

"मग इथं काय करतेस? चल!"

"अहो तात्या, ते फोन करतात. गिरणीवाल्या काकांचा नंबर दिलाय ना आपण?" पाताळ्याचं घर खळग्यात, तिथं फोन मुका.

"फोनवर कुणाचं पीठ झालंय गं? रांगेत डबा ठेवून घरी गेलं, की डबा मागं. जो हजर त्याचं पीठ!"

पोरीनं परोपरीनं सांगितलं. पण दगड फुटेल, पाताळ्या फुटायचा नाही. गिरणीवाल्याला सांगून दोघं निघाली.

दोन दिवस कॉलेजच्या फाटकाबाहेर पोतं अंथरून बसली. पहारेकरी आत सोडेना.

"काका, कुणाची वाट बघताय?"

"हाकेची."

"ही काय शाळा आहे हजेरी घ्यायला?" पहारेकरी पोट धरून हसला. पाताळ्या मात्र पोरीला पाणी प्यायलाही उठू देईना. तेवढ्यात हाक आली तर?

तिसऱ्या दिवशी दुपारी कारकून चहाला बाहेर पडला. पोरगी धावलीच. "साहेब, प्रतीक्षेतली तिसरी मी. काही आशा?"

कारकुनानं नाव विचारलं आणि त्याचा चेहरा पडला. "अगं, सकाळीच तुझा नंबर लागला. मी स्वतः फोन केला. मागं नुसती घरघर. एक माणूस ओरडून सांगत होता, 'पोरगी गेली कॉलेजात! परवाच गेली, बाप घेऊन गेला!' मला वाटलं, दुसरीकडं प्रवेश घेतलास. नाव कापलं."

"अहो, ह्याच कॉलेजात!" पाताळ्या किंचाळला. "ह्या फाटकात!"

"चौथ्या नंबरची मुलगी येऊन सही करून गेली, काका. आता माझ्या हातात काही नाही."

सकाळी एक मुलगी आईचा हात धरून आत गेली होती. पाताळ्यानंच पाय आखडून तिला वाट दिली होती.

"माणूस हजर होता हो, साहेब," तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. "दोन दिवस हजर होता."

कारकून चहा न पिताच आत गेला. पोरीनं पोत्याची घडी घातली. परतीच्या गाडीत बाप तिच्याकडं बघेना.

"शिव्या घाल गं मला."

ती खिडकीकडं सरकली. गाडी अर्धी रिकामी होती, तरी तो दांडी धरून उभाच.

"बसा ना, तात्या."

"नको," तो म्हणाला. "बसूनच तर घात केला."