गोड कण

नऊ जुड्या, प्रत्येक जुडीत तीन नळ्या, एकूण सत्तावीस. एकही कमी नाही, एकही वाकडी नाही. मित्रांनो, मी एक जुना सेंट्रिओल, म्हणजे अशा नळ्यांचा एक सूक्ष्म जुडगा आहे आणि तेरा वर्षांच्या एका मुलीच्या नाकातल्या पेशीत राहतो.

पूर्वी आम्ही दोघे होतो, एकमेकांशी काटकोनात. भोवती प्रथिनांचे दाट वलय. त्या सगळ्या संसाराला सेंट्रोसोम म्हणतात. पेशी विभागायची वेळ आली की आम्ही आपापल्या शेजारी एकेक नवा सोबती घडवायचो. मग दोन जोड्या दोन टोकांना जायच्या आणि तिथून निघालेले धागे गुणसूत्रांची सारखी वाटणी करायचे. तेव्हा आमचा मान होता. कितीतरी पेशी आल्या आणि गेल्या. मी वारशासारखा पुढे येत राहिलो.

मग ही पेशी आली. हिला विभागायचेच नव्हते. हिच्यात माझ्यासारखे शेकडो घडले आणि आम्ही पृष्ठभागाखाली दाटीने उभे राहिलो. प्रत्येकाच्या डोक्यावर एक सूक्ष्म केस उगवला. या केसांनी लाटेसारखे हलून धूळ आणि शेंबूड घशाकडे ढकलायचा असतो. माझा केस सरळ आहे, पूर्ण लांबीचा आहे. फक्त त्याला वाकवणारे आतले बारीक हात बसलेच नाहीत. आईबाबा, दोघांकडून आलेल्या जनुकांतल्या सूचनांत तीच चूक होती. तो हलत नाही.

मुलीच्या थोरल्या भावाचेही असेच आहे. "हिला तरी नसू दे," असे आई आज दवाखान्याच्या पायऱ्या चढताना पुटपुटली.

डॉक्टरीणबाईंनी सॅकरिनचा एक कण आमच्यावर ठेवला. केस हलत असतील तर त्याची गोडी वीसेक मिनिटांत घशाशी पोचते. तोवर शिंकायचे नाही, नाक ओढायचे नाही. गोड लागले की हात वर करायचा.

"काही गोड लागतंय का गं?" आईने पुन्हा विचारले.

"तू विचारलंस की लागल्यासारखं वाटतं."

थोड्या वेळाने मुलीने हात वर केला. आईने डोळे मिटले. बाबा खुर्चीत मागे टेकले. मित्रांनो, कण माझ्या डोक्यावरच विरघळत होता.

"कुठे लागलं?" डॉक्टरीणबाईंनी विचारले.

"जिभेच्या टोकावर."

भाऊ खोकला दाबत म्हणाला, "टोकावर नाही लागत, चिमणे. मागे, घशात लागतं. माझ्या तपासणीत मीही टोकावरच म्हटलं होतं. सगळ्यांनी ते खरं धरलं, मग दोन वर्षं कुणी माझी छाती थापटून कफ काढला नाही. डाव्या फुप्फुसाचा खालचा भाग गेला तो गेलाच."

"आई रडेल रे."

"रडू दे. रडून झालं की तीच थापटायला बसते. हात मात्र जड आहे हां तिचा."

मुलीने हात खाली घेतला.

मित्रांनो, तुमच्या वर्गात अशा न हलणाऱ्या केसांमुळे सतत खोकणारे कुणी असेल, तर आपला बाक दूर सरकवू नका. त्याने कसलीही हेळसांड केलेली नसते. रोज कुणीतरी त्याची छाती थापटते, तेव्हा कुठे आमचे राहिलेले काम होते.

साठ मिनिटे झाली. घशात चव आली नाही. जीभ ठीक आहे ना, हे पाहायला डॉक्टरीणबाईंनी तसाच दुसरा कण मुलीच्या जिभेवर ठेवला.

"गोड," ती म्हणाली. दोन सेकंद लागले.