मिशीवाला राजा

जुन्या नाटकांच्या जाहिराती जमवणाऱ्या पापडी गावच्या स्टॅनी अंकलनी एक पिवळा कागद टेबलावर पसरला आणि हेमांगी ताडकन उभी राहिली. "अंकल, हे तर आजीचे बाबा!"

डोक्यावर मंदिल, हातात तलवार, झुपकेदार मिशी. होळी गावातल्या घरात भिंतीवर हाच फोटो होता, अगदी हाच! नव्वदीची तिची आजी कृष्णाबाई रोज आंघोळ झाली की त्याला गंध लावी. हेमांगी आली होती आजीच्या आईचा शोध घेत. आई मथुराबाई नाटकात होती आणि कृष्णाबाई तान्ही असतानाच वारली, एवढंच घरात माहीत. 'मरायच्या आधी आयचं तोंड बघू दे' हा आजीचा एकच धोशा.

"बाबा कुठले!" अंकल म्हणाले. "ही बायकांची कंपनी. पुरुषाची कामंपण बायकाच करायच्या. खाली वाच ना."

खाली छापलं होतं, 'राजाच्या भूमिकेत मिस मथुराबाई'.

मथुराबाई! आजीची आई!

हेमांगीने कागदाचा फोटो काढला आणि स्कूटरला किक मारली. रस्ताभर ती एकटीच हसत होती, मध्येच डोळे पुसत होती. कृष्णाबाईला वाढवलं मामीने, आणि ही मामी लग्न होऊन घरात आली तेव्हा कृष्णाबाईचे आई-बाप दोघंही गेलेले, तिने त्यांना पाहिलंच नव्हतं. नाटकवालीची लाज नको म्हणून मामीने मथुराबाईची लुगडी, कागद सगळं चुलीत घातलं. हा फोटो मात्र जावईबापूंचा, म्हणजे कृष्णाबाईच्या बाबांचा समजून भिंतीवर लावला. बाईला चूल, मिशीला हार. घ्या!

आजी पडवीत पालेभाजीच्या जुड्या बांधत होती. हेमांगीने धापा टाकत सगळं सांगितलं, भिंतीवरचा फोटो काढून मांडीवर ठेवला, शेजारी मोबाईल धरला.

आजीने अंगठा फोटोतल्या मिशीवर ठेवला. मिशी झाकली गेली. वर राहिलं बसकं नाक, जाड भुवया. थेट आजीच्याच!

"आय गं," ती हुंदका देत म्हणाली, "एवढी वर्सं समोर होतीस, आन् मी तुला बाबा म्हनत आले!"

दोघी रडल्या, हसल्या, पुन्हा रडल्या. हेमांगीला तर शेजारपाजार गोळा करावासा वाटत होता.

"आजी, मोबाईलवर मिशी पुसता येते. पुसून नवा फोटो करू? नुसता आईचा?"

आजीने फोटो छातीशी धरला.

"हात लावशील तर बघ! आयनं कमवलेली मिशी हाय ती."